दगड बघायला निघालो: पुणे, कुकडी, जुन्नर आणि माळीण

पुण्यात राहणाऱ्याला दगडाचं काय कौतुक असणार? जिकडे बघाल तिकडे काळा फत्तर. पण आमचे मामा पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेत, नोकरीचा बराचसा काळ धरणांच्या साईटवर बोअरमधून काढलेले दगडाचे नळकांडे पेटीत लावून बघण्यात गेला, त्यामुळे त्यांच्याबरोबर गाडीतून जायचं म्हणजे दर दहा मिनिटांनी "अरे थांब थांब, ती कटिंग बघ" हे ठरलेलं. फेब्रुवारीत सुट्ट्या जोडून आल्या तेव्हा बायको म्हणाली की एकदाचं त्यांनाच घेऊन जाऊ आणि फक्त तेच बघू. बरोबर तिच्या बहिणीची अकरावीतली मुलगी, म्हणजे आमची भाची, जिला जिऑग्राफी घ्यायची की नाही हे ठरवायचं होतं. रूट मामांनीच आखला, मी फक्त ड्रायव्हर.

शनिवार: वेताळ टेकडी आणि पाताळेश्वर

सकाळी सहाला एआरएआयच्या बाजूने वर चढलो. थंडी होती, स्वेटर लागला, खाली कोथरूडवर धुरकं बसलेलं आणि वर मोर ओरडत होते. वेताळबाबाच्या देवळापाशी नेहमीचे लोक, नेहमीच्या गप्पा. ही शहरातली सगळ्यात उंच जागा, समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर. आम्ही मात्र गेलो जुन्या खाणीकडे, जिथे आता पाणी साठतं.

खाणीच्या भिंतीसमोर मामांनी आम्हाला उभं केलं आणि भाचीला विचारलं, "काय दिसतंय?" ती म्हणाली दगड. "किती प्रकारचे?" एकच की. मग त्यांनी काठीने दाखवत नेलं आणि खरंच पाच मिनिटांत तीच भिंत वेगळी दिसायला लागली. एका पट्ट्यात दगड एकदम घट्ट, निळसर काळा, उभ्या भेगांनी फुटलेला. त्याच्या खालचा पट्टा मऊ, राखाडी, भोकाभोकांचा, आणि भोकांत पांढऱ्या गाठी. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांमधून लाव्हा बाहेर आला, थंड झाला, परत आला, परत थंड झाला, पुरणपोळ्यांच्या चवडीसारखे थर एकावर एक बसत गेले आणि आज शिल्लक आहे तेवढंच सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर भरतं. महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून जास्त भाग यावर बसलाय. प्रत्येक थराच्या वरच्या अंगाला वायूचे बुडबुडे अडकून राहिले म्हणून तो भाग सच्छिद्र, मधला भाग सावकाश निवला म्हणून घट्ट.

"विहीर खणणारे याला मांजऱ्या म्हणतात," मामा त्या मऊ पट्ट्यावर काठी आपटत म्हणाले, "आणि हा वरचा काळा पाषाण. पाषाणात भेग नसेल तर थेंब नाही मिळणार. मांजऱ्या झिजलेला असेल तर त्यात पाणी मुरतं आणि साठतं. टेकडीवर पडलेला पाऊस इथून आत जातो आणि खाली बावधन, पाषाण गाव, कोथरूडच्या विहिरी-बोअरना मिळतो." आता तिथे रस्ता आणि बोगदे काढायचे की नाही यावरून पुण्यात किती वर्षं भांडण चाललंय ते सगळ्यांना माहीत आहे. त्या भांडणात झाडं किती जातील हा आकडा दोन्ही बाजूंना पाठ असतो, पण पाणी मुरवणारा थर नेमका कुठे कापला जाईल हा प्रश्न त्या मानाने फारच कमी लोक विचारतात. मला स्वतःला तो प्रश्न त्या सकाळपर्यंत सुचलेला नव्हता. महापालिकेत नव्याने आलेल्या गावांमधल्या टेकड्यांवर सुमारे ९७८ हेक्टरचं बायोडायव्हर्सिटी पार्कचं आरक्षण आहे, ते पाहिजेच. पण टेकडीवर काय उगवतं आणि काय उडतं याच्याबरोबर टेकडी कशाची आहे हेही कुणीतरी कागदावर मांडायला नको का?

खाली उतरून मिसळ हाणली (नाव देत नाही, कॉमेंटमध्ये मारामारी होते) आणि जंगली महाराज रस्त्यावर पाताळेश्वरला. मी कॉलेजात असताना इथे उन्हाळ्यात गारव्याला येऊन बसायचो, पण हे देऊळ बांधलेलं नाही तर जमिनीत खाली खाली कोरत नेलंय, राष्ट्रकूट काळात, साधारण आठव्या शतकात, हे तेव्हा डोक्यातच आलं नव्हतं. गोल नंदीमंडप, खांब, छत, सगळा एकच सलग दगड. काम अर्धवट सोडलेलं आहे हे भिंतींवरून कळतं. भाचीने हात लावून बघितला आणि म्हणाली की टेकडीवरच्या भोकाभोकांच्या दगडात हे जमलं नसतं ना आजोबा? मामा जाम खूश. त्या खुशीत पेशव्यांच्या कात्रज नळाची पूर्ण गोष्ट ऐकावी लागली: नानासाहेबांच्या काळात, १७५० च्या आसपास, कात्रजच्या तलावातून दगडी बांधकामाच्या भुयारी नळाने शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांच्या हौदांपर्यंत पाणी आणलं, पंप नाही काही नाही, फक्त उतार. आजही पेठांमध्ये खोदकाम करताना तो मध्येच सापडतो.

जाणाऱ्यांसाठी: टेकडीवर सकाळीच जा, एकटे असाल तर आडवाटेला नको. खाणीच्या काठावर सेल्फीचा शौक करू नका, कडा ठिसूळ आहेत. पाताळेश्वरला दुपारी जा, सावली असते आणि गर्दी कमी.

रविवार: वाघोली, निघोज, बोरी

नगर रोडवर सकाळी सातला निघून सुद्धा वाघोलीत अडकलोच, त्याबद्दल काय लिहायचं. पण वाघोलीत थांबायचंच होतं. इथल्या दगडखाणींमध्ये कॅव्हनसाईट नावाचं खनिज सापडतं, गडद निळं, आणि जगभरच्या म्युझियममध्ये त्याचे जे सर्वात देखणे नमुने ठेवलेत ते वाघोलीचे असतात. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकॉन यांच्या पहिल्या अक्षरांवरून त्याचं नाव पडलंय. खाणीत आत जाता येत नाही आणि जाऊही नये, सुरुंग लावतात. आम्ही रस्त्याकडेच्या टपरीवर चहा घेत होतो, मामांनी सहज विषय काढला, तर टपरीवाले काका पूर्वी खाणीवरच कामाला होते! त्यांनी गल्ल्याच्या मागून तंबाखूची डबी काढली, कापसात गुंडाळलेला तुकडा. सुपारीएवढा पांढरा दगड आणि त्यावर निळ्या सुयांचा गुच्छ, मोरपिसाच्या डोळ्यातला निळा असतो ना तो. मामांच्या भिंगातून बघितलं तर प्रत्येक सुई वेगळी दिसत होती, टोकाला चमक.

"तवा आमाला काय ठावं," काका म्हणाले, "गारगोटी म्हणून खडीत जायचं समदं. मंग एक माणूस आला, म्हणाला असलं दिसलं की बाजूला ठेवा. मंग कळलं."

विकणार का विचारलं तर हसले आणि डबी परत गल्ल्यामागे गेली. मला राहून राहून वाटत होतं की पुण्याच्या किती बिल्डिंगांच्या स्लॅबमध्ये हा निळा रंग दळून गेला असेल. खडी लागतेच, नदीतली वाळू उपसण्यापेक्षा खडीची क्रश सँड परवडली, हे मामांचं म्हणणं पटण्यासारखं आहे. प्रश्न एवढाच की कुठली टेकडी फोडायची आणि कुठली ठेवायची हे आधी बघून ठरवलं जातं का. आणि खाण संपल्यावर तो खड्डा कशाने भरायचा? फुरसुंगी-उरुळी देवाचीच्या कचरा डेपोजवळच्या विहिरींचं पाणी खराब झालं हे पेपरात वर्षानुवर्षं वाचलंय. भेगाळलेल्या दगडावर कचरा टाकला की पावसाबरोबर त्याचं पाणी भेगेतून खाली जाणार, याला फार मोठं शास्त्र लागत नाही.

शिरूरच्या अलीकडून टाकळी हाजीकडे वळलो आणि अकराच्या सुमारास कुकडीवर पोचलो. निघोजचे रांजणखळगे. फोटो हजार वेळा बघितलेले असतात तरी प्रत्यक्षात बघताना पहिली दोन मिनिटं कोणी काही बोललं नाही. नदीचं पात्रच्या पात्र काळ्या पाषाणाचं आणि त्यात रांजण, हंडे, घागरी, कढया कोरून ठेवल्यागत. काही इतके खोल की तळ दिसत नाही, काही एकमेकांत फुटून नदीची घळच झालेली. गोटे भोवऱ्यात अडकतात, पावसाळा पावसाळा गोल फिरत राहतात आणि दगडाला घासत खाली जातात. एका उथळ रांजणात, गुडघाभर असेल, पाणी आटलेलं होतं. तळाशी सात-आठ गोटे, सगळे अंड्यासारखे गुळगुळीत, एक लालसर, एक मात्र अजून कोन शाबूत असलेला, म्हणजे गेल्याच पावसाळ्यात आला असावा. कडेला हात फिरवला तर आतून एकदम मऊ आणि वरच्या काठाला खरखरीत. भाची तिथेच बसून राहिली, बायको म्हणाली चल उन्हं लागतील तर म्हणे थांब ना मावशी.

मळगंगेच्या देवळात दर्शन घेतलं. नदीच्या दोन्ही काठांना देवीचं ठाणं, त्यामुळे दोन्हीकडच्या लोकांचा खळग्यांवर सारखाच हक्क, एक काठ पुणे जिल्ह्यात आणि दुसरा नगरमध्ये (आता अहिल्यानगर). देवळाजवळ नारळ विकणाऱ्या मावशींना विचारलं की इथे दगड कोणी फोडत नाही का, तर एकदम डोळे वटारून "देवीच्या कुंडाला हात लावायची कुनाची हिंमत हाय?" मामा हळूच म्हणाले, कायद्यापेक्षा हे बरं. २०२२ च्या डिसेंबरात केंद्राने भूवारसा स्थळं जपण्यासाठी एका विधेयकाचा मसुदा लोकांसमोर ठेवला होता, त्याची आठवण त्यांनी काढली. इथे तो मसुदा कोणाच्या गावीही नाही आणि तरी खळगे शाबूत, देवीच्या धाकाने.

निघोजच्या टिपा: पावसाळ्यात आणि धरणाचं आवर्तन सुटलेलं असेल तेव्हा खळगे पाण्याखाली जातात, तेव्हा काठावरूनच बघा. हिवाळा ते उन्हाळ्याची सुरुवात बेस्ट. ग्रिपचे बूट घाला, कातळ तुळतुळीत आहे, आणि पाणी असलेल्या खळग्यात उतरायचं नाही म्हणजे नाही, दर वर्षी कोणी ना कोणी जातं असं तिथलेच लोक सांगतात. लहान मुलांचा हात सोडू नका. सावली अजिबात नाही, टोपी आणि पाणी बरोबर ठेवा. पूर्वेकडून ऊन येतं तोपर्यंत फोटो चांगले येतात.

निघोजमधून अळकुटीमार्गे बेल्ह्याकडे निघालो, वाटेत अणे घाटाजवळ गुळुंचवाडीचा नैसर्गिक पूल बघितला. ओढ्याने खालचा कमकुवत दगड खाऊन टाकला आणि वरचा घट्ट तसाच कमानीसारखा राहिला. दहा मिनिटांचं काम आहे पण वाट वाकडी करून बघाच, कमानीखाली भर दुपारी गार वारा येतो.

मग बोरी बुद्रुक. इथे बघायला "काही नाही" आहे, हे आधीच सांगतो, म्हणजे शिव्या बसणार नाहीत. पुन्हा कुकडीच, काठावर गाळाचे उंच कडे, बाभळी, ऊस, आणि उसात बिबट्या असू शकतो म्हणून गावातल्या एका दादांना बरोबर घेतलं. कड्याच्या गाळात त्यांनी एक फिकट राखाडी पट्टा दाखवला. बोटांत चोळला तर टाल्कम पावडर. ही राख इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटावरच्या तोबा ज्वालामुखीची. इथून हजारो किलोमीटर लांब! डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी इथे राखेच्या संगतीत आदिमानवाची दगडी हत्यारं शोधली आणि जुन्नर तालुक्यातलं हे गाव जगभरच्या शोधनिबंधांत गेलं. राख सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीच्या महास्फोटाची की त्याच ज्वालामुखीच्या त्याहून खूप जुन्या स्फोटाची, यावर अजून शास्त्रज्ञांचं एकमत नाही, आणि त्यावर हत्यारांचं वय लाखो वर्षांनी इकडचं तिकडे होतं. म्हणजे हा पट्टा गेला तर ते भांडण कधीच सुटणार नाही. अशीच राख मोरगावला कऱ्हेच्या काठी पण आहे, अष्टविनायकाला जाणाऱ्या किती जणांना माहीत असेल कोण जाणे.

दादा म्हणाले, आमच्या लहानपणी याने भांडी घासायचे. मग थोडं थांबून, "पण आता साहेब लोकांनी सांगितलंय तसं आम्ही राखतो. वाळूवाले यायचे मागे, हाकलले." चिमूटभर सुद्धा घरी नेऊ नका, प्रत्येकाने चिमूट चिमूट नेली तर पट्टा किती दिवस टिकणार?

मुक्काम नारायणगावला. संध्याकाळी मासवडी आणि रस्सा. जे नाव ऐकून मासे समजतात त्यांच्यासाठी: बेसनाच्या पारीत तीळ, खोबरं, लसूण, कांद्याचं सारण भरून वळलेली वडी, आकार माशाच्या तुकडीसारखा म्हणून मासवडी, चक्क व्हेज. रस्सा असा झणझणीत की भाचीचं नाक वाहायला लागलं पण भाकरी सोडली नाही. मामांनी तीन वाट्या रस्सा प्यायला आणि रात्री इनोही प्यायले.

सोमवार: लेण्याद्री आणि नाणेघाट

पहाटे दातावर दात वाजत होते. जुन्नरच्या आसपासच्या डोंगरांत दोनशेहून जास्त लेणी कोरलेली आहेत, एका तालुक्यात एवढी दुसरीकडे सापडणं कठीण. का इथेच? व्यापारी मार्ग होता म्हणून, हे उत्तर आम्हाला शाळेत शिकवलेलं. मामांचं म्हणणं की मार्ग होता हे खरं, पण कोरायला लायक दगड बरोबर उंचीवर होता हे अर्धं उत्तर कोणी सांगत नाही.

लेण्याद्रीला तीनशेच्या आसपास पायऱ्या. अर्ध्या वाटेवर माकडाने बायकोच्या हातातलं चिक्कीचं पाकीट पळवलं, अगदी सराईतपणे, झटापट नाही काही नाही. वर ओळीने सगळी लेणी एकाच पातळीत कोरलेली. खालून बघताना ते माणसाने ठरवलं असं वाटतं, जवळ गेल्यावर दिसतं की तो एकाच लाव्हा प्रवाहाचा घट्ट थर आहे, कोरणाऱ्यांनी तो धरून ठेवला आणि त्याच्या बाहेर फारसे गेले नाहीत. गिरिजात्मजाचं देऊळ म्हणजे सातवं लेणं, एवढा मोठा मंडप आणि मध्ये एकही खांब नाही. मामा देवाला नमस्कार करून पाच मिनिटं छताकडेच बघत उभे होते, मागून येणाऱ्या एका आजींना वाटलं तिथे काही चित्र आहे, त्याही बघायला लागल्या, मग त्यांच्याबरोबरचे सगळेच.

लेण्यांच्या बाजूला पाण्याची टाकी आहेत, कातळात खोदलेली. फेब्रुवारीतही पाणी होतं. पाषाणात कोरलेलं टाकं पाणी धरून ठेवतं, पण त्यात पाणी येत राहायला वरून पाझर हवा. आणि जिथे नको तिथे पाझर आला की लेणं खराब. दोन लाव्हा प्रवाहांच्या मध्ये लाल मातीसारखा पातळ थर असतो, गेरू, जुन्या लाव्ह्याच्या पृष्ठभागावर नवा लाव्हा येण्याआधी तयार झालेला. पाणी बरेचदा त्याच्यावर अडतं आणि आडवं वाहत बाहेर येतं. उतरताना रस्त्याच्या कटिंगमध्ये तो दिसला, भाचीने बोट घासलं तर विटकरी कुंकू लावल्यागत रंगलं आणि दिवसभर सगळ्यांच्या कपड्यांना लागलं. डोंगरात झरा कुठे असणार हे ओळखायचं असेल तर आधी अशी थरांची हद्द कुठे आहे ते बघायचं, मग झाडांची हिरवी रांग. पुण्यातली अॅक्वाडॅमसारखी संस्था गावोगाव हेच काम करत आली आहे, विहिरींच्या भिंती वाचून गावाखालच्या थरांचा नकाशा काढायचा आणि मग बंधारा कुठे घालायचा ते ठरवायचं. मामांनी नोकरीत असे पाझर तलाव पण बघितलेत जे सलग पाषाणावर बांधले, पाणी साठलं, उन्हात उडून गेलं आणि खालच्या विहिरी कोरड्याच राहिल्या. "पाझर तलावात पाझरच नाही. आणि कागदावर काम शंभर टक्के पूर्ण!"

दुपारी घाटघरमार्गे नाणेघाट, कोकणातून वर येणारी ती जुनी व्यापारी वाट. इथे वारा असा की टोपी धरून चालावं लागतं. लेण्यातला सातवाहनांच्या नागनिका राणीचा ब्राह्मी शिलालेख सुमारे २ हजार वर्षांपूर्वीचा, त्यात यज्ञांत दिलेल्या दानाचे आकडे कोरलेत, आणि आकडे लिहिण्याच्या भारतातल्या सर्वात जुन्या पुराव्यांमध्ये तो मोजला जातो. दगड फार झिजला नाही म्हणून तर ते आकडे आज आहेत. बाहेर जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण. मग कड्यावर गेलो, खाली कोकण, उन्हात धूसर, आणि समोरच्या कड्यांवर आडव्या रेघाच रेघा. तोपर्यंत भाचीच रेघा मोजून सांगायला लागली होती की इथे मऊ थर असणार कारण तिथे गवताचा पट्टा आहे, हा घट्ट कारण एकदम उभा तुटलाय. गवताचा पट्टा म्हणजे गुरांची वाट, उभा कडा म्हणजे गिधाडांची घरटी, थराबरोबर तिथे राहणाराही बदलतो.

तिथे लिंबूसरबत विकणारी एक बाई, बरोबर दोन शाळकरी पोरं. पावसाळ्यात इथे पर्यटकांची जत्रा असते आणि उन्हाळ्यात प्यायचं पाणी आणायला लांब चालावं लागतं, म्हणाली. एवढा धो धो पाऊस पडणाऱ्या ठिकाणी? उतार तीव्र, वरची माती पातळ, पाणी थांबतच नाही, जे मुरतं ते खालच्या झऱ्यातून निघून जातं. पाऊस किती पडला याच्यावरून टंचाई ठरवणाऱ्यांनी इथे येऊन एक मे महिना काढावा.

टिपा: लेण्याद्रीला पुरातत्त्व खात्याचं तिकीट आहे, खाऊ सॅकच्या आत ठेवा. नाणेघाटाला पावसाळ्यातले शनिवार-रविवार टाळा. शिलालेखावर हात फिरवू नका. परतताना नारायणगाव-जुन्नर रस्त्याला काळी जंबो द्राक्षं घ्या, बागेतून थेट घेतली तर भाव आणि चव दोन्ही वेगळे. आम्ही पेटी घेतली आणि पुण्याला पोचेपर्यंत अर्धी झाली होती.

मंगळवार: माळीण

हा दिवस बायकोला नको होता. मामा म्हणाले, दगड नुसते सुंदर म्हणून बघायचे असतील तर नको जाऊया. मग गेलो.

घोडेगावहून पुढे डिंभे धरणाचं पाणी उजवीकडे-डावीकडे करत रस्ता जातो, फार देखणा भाग आहे, हिरड्याची झाडं, भाताची रिकामी खाचरं, कौलारू घरं. ३० जुलै २०१४ ला सकाळी इथला डोंगर माळीण गावावर खाली आला. दीडशेहून जास्त माणसं गेली. एसटीचा ड्रायव्हर नेहमीप्रमाणे गाडी घेऊन आला आणि त्याला गावच दिसेना, त्याने कळवलं तेव्हा बाहेर समजलं. तिथे आता स्मृतिस्थळ आहे, नावं आहेत, एकाच आडनावाच्या ओळीच्या ओळी. मागे डोंगरावर ती जखम अजून ओळखू येते, गवत आलंय पण आजूबाजूच्यापेक्षा वेगळं. तिथे कोणीतरी रील करत होतं. बायकोने जाऊन शांतपणे सांगितलं, त्यांनी बंद केलं.

मामा फार बोलले नाहीत, पण भाचीने विचारलं की आजोबा एवढा घट्ट दगड आहे तर डोंगर कसा काय आला? घट्ट दगड नाही आला, त्यांनी सांगितलं. वर्षानुवर्षं झिजून दगडाचा मुरूम आणि माती होते, ती उतारावर जाड थराने बसते. खाली पाणी न घेणारा थर. सलग मुसळधार पाऊस झाला की माती पाण्याने जड होते, मधे पाण्याचा दाब वाढतो आणि सगळंच सरकतं. त्यावेळी कारणांवर खूप वाद झाले, पडकईसाठी, म्हणजे डोंगरउतारावर भातखाचरं काढण्यासाठी, उतार सपाट केले म्हणून झालं असं काहींनी म्हटलं, काहींनी ते साफ नाकारलं कारण पडकई ही इथल्या आदिवासींची जुनी पद्धत आहे. मामांचं मत की शेतकऱ्यावर ढकलणं सोपं असतं, पण उतारावरची माती किती जाड आहे, खाली काय आहे, पाणी कुठून निघतं हे त्या अख्ख्या डोंगररांगेचं आधीच मोजलेलं असायला हवं होतं, कारण रस्ता, घर, शाळा, शेत सगळं त्यावरच बसणार आहे. २०२३ च्या जुलैमध्ये रायगडमधली इर्शाळवाडी दरडीखाली गेली तेव्हा ते दोन दिवस नीट जेवले नव्हते, हे मामींनी आम्हाला नंतर सांगितलं होतं.

नव्या गावात, आमडेला, एका ओट्यावर बसलेल्या बाबांनी पाणी दिलं. पुनर्वसनाची घरं २०१७ मध्ये मिळाली. घर कसंय विचारलं तर म्हणाले चांगलंय, पण पाऊस लागला की झोप लागत नाही. मग त्यांनीच समोरच्या उताराकडे बोट करून सांगितलं, कुठे जमिनीला भेग गेली, कुठे झाड कललं, कुठला झरा एकदम गढूळ झाला, हे पोरं आता बघत राहतात आणि लगेच कळवतात. मामांनी वहीत लिहून घेतलं. या तीन खुणा घाटातल्या प्रत्येक गावच्या ग्रामपंचायतीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात हव्यात, मान्सूनच्या आधी, स्वच्छतेच्या घोषणांच्या शेजारी.

तिथे जाणार असाल तर गाडी लांब लावा, मोठ्याने गाणी नकोत, आणि लोकांना "त्या दिवशी काय झालं" विचारू नका. सांगायचं असेल तर ते आपणहून सांगतात. पावसाळ्यात या रस्त्याने जाताना कटिंगखाली गाडी थांबवू नका, मग धबधबा कितीही भारी दिसो.

परतीला मंचरमध्ये मिसळ खाल्ली, राजगुरुनगरपासून चाकणपर्यंत ट्रॅफिकमध्ये दीड तास गेला. तेवढ्या वेळात भाचीने मोबाईलवर शोधून सांगितलं की युनेस्कोने २०२१ मध्ये ६ ऑक्टोबर हा आंतरराष्ट्रीय भूविविधता (म्हणजे दगड, माती, जमिनीची रूपं यांची विविधता) दिवस म्हणून जाहीर केलाय, आणि तिच्या कॉलेजात पर्यावरण दिनाला झाडं लावतात तसं या दिवशी काय करायचं? मामा म्हणाले, तुमच्या सोसायटीच्या बोअरचा रिपोर्ट मागव, किती फुटांवर काय लागलं ते लिहिलेलं असतं, तो वाच. सोसायटीच्या ग्रुपवर मी तिथूनच मेसेज टाकला. सेक्रेटरींचं उत्तर आलं की रिपोर्ट वगैरे काही नाही, बोअरवाल्याने नारळ फिरवून जागा सांगितली होती. मामा चाकण येईपर्यंत हसत होते.

पुढच्या वेळी लोणार. उल्केच्या आघाताने तयार झालेलं, थेट बेसॉल्टमधलं, म्हणजे याच काळ्या फत्तरातलं, खाऱ्या पाण्याचं सरोवर, २०२० पासून पाणथळ जागांच्या रामसर यादीत आहे. पुण्याहून लांब पडतं, त्यामुळे वाटेत कुठे थांबावं आणि तिथे राहायची बरी सोय कुठे आहे हे कोणी अलीकडे जाऊन आलं असेल तर कळवा. मामांना जिना फार चढवत नाही, तळमजल्यावरची खोली मिळेल असं बघायचंय.